उतरणीवर थांबलेला ठोकळा

आमच्या कॉलेजच्या मागे वावरं आहेत. मार्च लागला की तिकडून कांद्याचा वास येतो. नुकताच उपटलेला, पात अजून ओली असलेला कांदा. हा वास नाकात शिरला की माझं शिकवण्यावरचं लक्ष अर्धं उडतं, मग कितीही वर्षांची नोकरी झालेली असो. बाहेर जुन्नरच्या स्टँडकडे वळणाऱ्या एस्टीचा धुरळा, वर कुरकुरणारा पंखा, समोर उजळणीला कंटाळलेली अकरावीची पोरं, आणि फळ्यावर मी काढलेली एक उतरण. उतरणीवर ठोकळा. "हा ठोकळा थांबलाय," मी म्हणते. "का थांबलाय?" आणि दरवर्षी हे विचारताना माझा खडू ठोकळ्याच्या खालच्या कडेपाशी उगाच अडतो. तिथे एके वर्षी एक मुलगी दगड काढायची.

काजल तिचं नाव. ओझरच्या पलीकडे माळावर एक वाडी आहे, तिथली. घरची मेंढरं. वडील दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर वर यायचे. तोवर घरात आई, काजल, काही राखून ठेवलेली कोकरं, थोडासा कांदा आणि धाकट्या चुलत्याचा शब्द. वर्गात ती मधल्या बाकावर बसायची, कमी बोलायची, आणि बोलली की हातातला पेन आधी खाली ठेवायची, जणू बोलायला दोन्ही हात लागतात.

सहामाहीचे पेपर तपासताना तिचा पेपर हातात आला आणि मी चक्रावलेच. घर्षणाची तीन गणितं होती. तिन्ही आकृत्यांत तिने ठोकळ्याच्या खाली, उताराच्या बाजूला, एक दगड काढला होता. साधा गोल नव्हे हं. खडबडीत, पेन्सिलीने छायाबिया देऊन. आणि त्या दगडापासून ठोकळ्याकडे जोराचा बाण. त्या बाणाला तिने नावही दिलं होतं, मग समीकरणात तो घेतला होता, आणि मग अर्थातच गणित गाळात गेलं होतं.

बोलावलं तिला स्टाफरूममध्ये. "हे काय आहे गं?"

"उटी, मॅडम."

"उटी कुठून आली? गणितात दिलीय का?"

"न्हाई दिली. पण उतरणीला गाडी उभी केली की उटी लावायचीच असती ना."

"अगं बाई, गाडी कुठंय इथे? ब्लॉक आहे हा. नुसता ठोकळा."

तिने पेपराकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "मंग तर लावायलाच पायजे, मॅडम. त्याला ब्रेकपण न्हाई."

केमिस्ट्रीच्या सरांना चहाचा असा ठसका लागला की काही विचारू नका. मला मात्र हसूही येईना आणि रागावताही येईना, कारण तिच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते एका वाक्यात सांगता येत नव्हतं. मग हळूहळू कळलं. चुलत्याची पिकअप होती. तिचा हँडब्रेक असून नसल्यासारखा. वाडीचा रस्ता चढणीचा. गाडी थांबली रे थांबली की मागून उडी टाकायची आणि चाकाखाली दगड, म्हणजेच उटी, सारायचा, हे काम काजलचं, ती पाचवी-सहावीत असल्यापासून. दगड ठेवल्याशिवाय कोणी गाडीतून उतरायचं नाही. आता अशा मुलीला मी शहाणी सांगणार की उतरणीवर ठोकळा ठेवलाय आणि तो आपला आपण थांबलाय. कसा विश्वास बसावा तिचा?

नापास झाली ती फिजिक्समध्ये. आणि मग पुढच्याच आठवड्यात पेन बाकावर ठेवून म्हणाली, "मॅडम, वार्षिकला फिजिक्स गेलं तर बारावीला आर्ट्सला टाकणार हाईत मला. काका म्हनतो, आर्ट्सला रोज यायला लागत न्हाई. घरचं पन बघता येतं." आर्ट्सला काय वाईट आहे, माझी सख्खी बहीण आर्ट्सची, उत्तम शिक्षिका आहे. पण काजलला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. एका पावसाळ्यात त्यांच्या मेंढ्यांची पोटं फुगली होती आणि डॉक्टर येईपर्यंत तिला एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसण्याशिवाय काही करता आलं नव्हतं. हे तिने मला अगदी सपाट आवाजात सांगितलं. म्हटलं, पोरी, तुझं फिजिक्स जाऊ देत नाही मी. बघतेच कसं जातं ते.

तर घर्षण. लोकांना वाटतं घर्षण म्हणजे घासणं, झीज, चपलेचा तळ आणि मशीनचं तेल. हलणाऱ्या गोष्टींचं घर्षण ते. पण न हलणाऱ्या गोष्टींचं घर्षण, ज्याला पुस्तकात स्थितिक घर्षण म्हणतात, त्याच्यासारखं गुणी बळ सगळ्या फिजिक्समध्ये मला दुसरं दिसलं नाही. गुरुत्वाकर्षणाचा केवढा बोलबाला! पण सकाळी साडीच्या निऱ्या खोचते त्या संध्याकाळपर्यंत जागेवर राहतात त्या कोणामुळे? भिंतीतला खिळा, बोटांतला खडू, बायकांच्या डोक्यावरच्या चुंबळीवर बसलेली घागर, शिवनेरीच्या पायऱ्यांवर टेकलेलं आपलं पाऊल. सगळं यानेच धरून ठेवलेलं. आणि कोणी त्याचं नाव घेत नाही, कारण जिथे ते काम करतं तिथे काहीच घडत नाही. काही न घडणं हेच त्याचं काम.

मुलांची चूक ठरलेली. सूत्र दिसलं की घाल त्यात आकडे. घर्षण गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, झालं उत्तर. अरे, ती त्याची मर्यादा आहे रे, ते काही दर वेळी मर्यादेला जाऊन उभं राहत नाही! हे समजावून माझा घसा बसायचा. शेवटी त्या वर्षी मी काजललाच पुढे बोलावलं आणि प्रयोगशाळेतलं ते जुनं सागवानी टेबल दाखवलं. "ढकल."

तिने बोटाने ढकललं. टेबल ढिम्म.

"जोर लावलास ना? मग का हललं नाही?"

"त्यानं पन उलटा जोर लावला."

"किती?"

"माझ्याएवढाच."

"आता दोन्ही हातांनी." तिने ढकललं. बांगड्या मागे सरकल्या, टेबल जागेवरच. "आता त्याने किती लावला?"

"आता जास्त."

"बरं. आता हात काढ." तिने हात काढला. मी थांबले. सगळा वर्ग थांबला. "आता त्याचा जोर किती?"

मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने सूत्रातलं उत्तर फेकलं. काजल गर्रकन वळली. "येडा का काय! तेवढा जोर असता तर टेबल माझ्या अंगावर नसतं का आलं?"

अहाहा! काय सांगू तुम्हाला. असे क्षण वर्षातून एखाद-दुसरे येतात आणि त्यांच्यावर पुढचं वर्षभर शिकवता येतं. जोर लावला तर तेवढाच उलटा जोर, वाढवला तर वाढणार, थांबवला तर शून्य. त्याच्याकडे साठवून ठेवलेलं काही नाही आणि स्वतःहून कुणाला ढकलायला ते जात नाही. मी तिला म्हटलं, बस खाली, तुला कळलंय. पण पुढच्याच गणितात काजलबाईंनी पुन्हा दगड काढला. म्हणे, टेबल सपाट जमिनीवर होतं ना, मॅडम, उतरणीचं येगळं.

मग मी तिला रविवारी घरी बोलवायला लागले. माझं सासर ओझरजवळ, घरची थोडी शेती, तिच्या वाडीपासून चालत येण्याजोगं. पहिल्या रविवारी ती एकटी आली. दुसऱ्या रविवारी बरोबर आई. हिराबाई. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू, हातात विळा. दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुमचा कांदा निघायलाय ना? मी आल्ये."

"अहो, मी कुठं बोलावलं तुम्हाला?"

"सावड हाये ही. तुमी माझ्या लेकीचं काम करताय, मी तुमचं करनार."

सावड म्हणजे आमच्याकडे कामाच्या बदल्यात काम. आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या. मी म्हटलं, "हिराबाई, शिकवणं म्हणजे काय वावरातलं काम आहे का?"

"मंग काय हाये?" तिने सरळ विचारलं. मी आपली मुकाट्याने चहा टाकायला आत गेले.

त्या वर्षीच्या कांदा काढणीचे रविवार माझ्या अंगाला अजून चिकटून आहेत. सकाळी माती गार असायची, उन्हं वर आली की वाफे तापायचे. बायका ओळीने बसायच्या, डाव्या हाताने कांदा धरायचा, उजव्या हाताने पात कापायची, कांदा मागे टाकायचा, आणि तोंडं सुद्धा तेवढ्याच वेगाने चालायची. डोळ्यांत पाणी येतंय आणि खदाखदा हसताहेत, हे दृश्य मला फार आवडतं. हिराबाई हसायची कमी. पण तिची ओळ कायम चार हात पुढे. मी आणि काजल बांधावर, कडुलिंबाच्या सावलीत, पुस्तक मांडून. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत, आणि काजलच्या शंका धड दोन्हींत न बसणाऱ्या.

असंच एकदा दगडावरून आमची जुंपली. मी वैतागून म्हटलं, ऊठ. कांदे भरायचा एक रिकामा क्रेट घेतला, गोठ्यातली लांब फळी आणली, तिच्यावर क्रेट ठेवला आणि फळीचं एक टोक उचलून कडुलिंबाच्या खोडाला टेकवलं. थोडासा उतार. क्रेट जागेवर. त्याच्या खाली मी एक दगड लावला. "ही तुझी उटी. आता काढ ती."

तिने घाबरत घाबरत दोन बोटांनी दगड ओढला. अलगद निघाला. क्रेट हलला नाही.

"किती जोर लागला काढायला?"

"कायच न्हाई. सैलच व्हता."

"म्हणजे क्रेट त्या दगडावर रेलला होता का?"

फळीचं टोक तिने स्वतः आणखी वर सरकवलं. पुन्हा दगड लावला, पुन्हा काढला. सैल. आणखी वर. सैल. दगड लावून आणखी वर केलं तेव्हा मात्र क्रेट खर्रकन घसरला आणि दगडावर येऊन बसला. आता दगड निघेना. ती ओढतेय, आणि तिचं तोंड असं फुललंय की बघत राहावं. "मॅडम, आत्ता लागला! आत्ता दगडाला जोर लागला! तोवर तो नुसताच बसला व्हता!" चाकाचं वेगळं, चाक गडगडतं, त्याला उटी हवीच, ठोकळ्याला चाक नाही, हे मी महिनाभर तोंडाने सांगत होते. तिच्या बोटांना ते तेव्हा कळलं.

क्रेट जिथे घसरला त्या उंचीला मी खोडावर खडूने रेघ मारली. खडू काय, माझ्या पर्समध्ये असतोच. मग म्हटलं, आता हा क्रेट भरा कांद्याने. भरलेला कधी घसरेल? झालं! अख्खं वावर काम सोडून जमलं. काजल म्हणाली, जड हाये, आधीच घसरल. एक बाई म्हणाली, छ्या, जड वस्तू बूड टेकून बसती, ती लवकर हलायची नाय. दोन पक्ष पडले. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "शिकवायचं तर शिकव, पण कांदे सांडू नकोस!"

दोन बायकांनी फळी धरली, हळूहळू टोक वर नेलं. सगळ्या चिडीचूप. आणि खडूच्या रेघेपाशी, थोडंफार इकडंतिकडं, फळी काही प्रयोगशाळेतली नव्हती, भरलेला क्रेटही खर्रकन खाली आला. चारपाच कांदे सांडले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"रिकाम्याला बी तेवढंच आन भरल्याला बी तेवढंच?" काजल म्हणाली. "असं कसं?" मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. तिने तिथेच, मातीच्या हातांनी, समीकरण मांडलं. खाली ओढणाऱ्या जोरात वजन, धरून ठेवणाऱ्या जोराच्या मर्यादेतही वजन. दोन्हीकडचं वजन तिने कापलं आणि मान वर केली. डोळे भरलेले. कांद्याने असतील, मला काय माहीत. माझे मात्र कांद्याने नव्हते.

मी इतकी वर्षं हे फळ्यावर कापत आले होते. दोन्हीकडचं सारखं आहे, मार काट, पुढे चला. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते कापलेलं वजन दिसलं, कांद्याने भरलेलं, दोन बायकांनी धरलेलं. निसर्गाने केवढी सोय करून ठेवली आहे! जेवढी वस्तू जड, तेवढी ती खाली जाऊ बघणार, आणि तेवढंच तिला धरून ठेवण्याचं बळही वाढणार. संध्याकाळी बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, रचलेल्या कांद्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते. गोल, गुळगुळीत, एकमेकांवर टेकलेले. एक जरी निसटला तरी दहा गडगडतील. पण ढीग आपला उतार धरून शांत. नवऱ्याने विचारलं, काय मोजतेस? म्हटलं, मोजत नाही, कौतुक करतेय. तो बिचारा गेला निघून.

आता वार्षिकचं सांगते. पेपर मी काढलेला नव्हता, पण तपासायला माझ्याकडे आला. उतरणीवरच्या ठोकळ्याचं गणित होतं. काजलचा पेपर मी सगळ्यांत शेवटी उघडला, खोटं कशाला सांगू. बघते तर आकृतीत दगड! त्याच झोकात, खडबडीत, छायाबिया देऊन. मी डोळे मिटले. उघडले, तर दगडाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, यावरचा जोर शून्य. खाली समीकरण स्वच्छ. घर्षण तिने मर्यादेइतकं नव्हे, लागतं तेवढंच घेतलं होतं. मी पूर्ण गुण दिले आणि पेपर मिटून ठेवून स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. कशाचा म्हणून विचारलं, तर केमिस्ट्रीच्या सरांना म्हटलं, घ्या हो, आज ठसका लागायचा नाही.

फिजिक्समध्ये पास झाली. चांगल्यापैकी झाली. मला वाटलं, संपलं.

पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी चुलता स्टाफरूममध्ये आला. टोपी काढून घाम पुसत खुर्चीवर बसला. मागे दाराशी हिराबाई, तिच्याही मागे काजल, भिंतीला टेकून.

"मॅडम, दाखला पायजे व्हता," तो म्हणाला.

"पास झालीय की ती."

"व्हय, चांगलं झालं. तुमचे उपकार. पन आमी ठरावलंय, आर्ट्सलाच घालायचं." माणूस वाईट नव्हता हो. खरंच नव्हता. भाऊ कोकणात, सगळं घर याच्या खांद्यावर, त्याने आपल्या परीने हिशेब घातला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"न्हाई."

चुलता वळला. "काय न्हाई, वैनी?"

"दाखला नगं."

"आवो, रोजचं जानं-येनं. एस्टी चुकली मंजे?"

"दुसरीची वाट बघंल."

"कांद्याला मानूस मिळत न्हाई, तुमाला म्हाईतीये."

"मी हाये."

"आन कोकरं?"

"मीच हाये."

त्याचा आवाज चढला. "लई वर्सं जात्यात डाक्टर व्हायला! पोरीच्या जातीला एवढं घरात ठिवून लोकं काय म्हनतील?"

"म्हनू द्या." तिचा आवाज होता तिथेच होता. पाऊलही उंबऱ्यावर होतं तिथेच. काजलने भिंत सोडली होती आणि आईच्या पाठीला डोळे लावून उभी होती.

चुलता उठून उभा राहिला. आता त्याने शेवटचं काढलं. "आन दादा? दादा आला कोकनातनं आन त्यानं न्हाई म्हनलं, मंग?"

हिराबाईने पदर सारखा केला. "मंग त्यास्नी बी न्हाई म्हनन."

चुलता पुन्हा खुर्चीवर बसला. मला वाटलं, आता ही बोलणार. एवढ्या वर्षांचं साठलेलं असेल, आज दार उघडलंय, आता दोन शब्द तरी सुनावणारच. मी तर मनातून म्हणत होते, सुनाव बाई, सुनाव.

ती माझ्याकडे वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "पान्याचा माठ कुठं हाये? भाऊजी उनातनं आल्यात."